यागी उभी केली आणि पॅटर्न गंडला, लोखंडी मास्टवर व्हर्टिकल बसवायची तर नेमकी कशी?

पाव_वेव्ह

नमस्कार मंडळी. माझ्याकडे हॅम रेडिओच्या दोन मीटर बँडची (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची) ७ एलिमेंटची, म्हणजे सात समांतर दांड्यांची, यागी अँटेना आहे, ते दांडे ज्यावर बसतात तो बूम साधारण ३ मीटरचा. आत्तापर्यंत एसएसबीसाठी (बोलण्याचा एक रेडिओ मोड) आडवी लावलेली होती आणि मस्त चालत होती. आता एफएम रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं स्टेशन) आणि पॅकेटसाठी (रेडिओवरून डेटा) तीच उभी करायची म्हणून क्लॅम्प सैल केला, बूम ९० अंशात फिरवला, परत आवळला, बाकी काही म्हणजे काहीच बदललं नाही, केबल तीच, मास्ट तोच, उंची तीच.

मास्ट म्हणजे ४० मिमीचा लोखंडी पाइप. क्लॅम्प बूमच्या बरोबर मध्यावर आहे, आणि पाइप बूमच्या वर अजून मीटरभर जातो कारण त्याच्या टोकाला ७० सेंटिमीटर बँडची छोटी ग्राउंड प्लेन अँटेना आहे. केबल ड्रिव्हन एलिमेंटपासून (ज्या दांड्याला केबल जोडतात तो) सरळ खाली सोडून मास्टला टेपने बांधलीये.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) आधी १.२ होता तो आता १.५ झालाय, म्हणजे काही आभाळ कोसळलेलं नाही. पण पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेला किती सिग्नल ते, बिघडलाय: अँटेना पाठमोरी केली तरी रिपीटर जवळजवळ तेवढाच येतो! आधी आडवी असताना पाठ फिरवली की सिग्नल धपकन पडायचा. शिवाय सिग्नलचा पीक रिपीटरच्या खऱ्या दिशेला न येता थोडा बाजूला येतो.

मास्टमुळे होतंय का हे? पण मास्ट तर व्यवस्थित अर्थ केलेला आहे, मग त्याचा अँटेनाशी काय संबंध यायला पाहिजे? आणि मास्टमुळेच असेल तर आता काय करू, सगळं उतरवण्याआधी विचारलेलं बरं.

खांबावरचा_कावळा

मास्टमुळेच. आणि अर्थ केला म्हणून सुटका होत नाही, हा गैरसमज फार जणांचा असतो. अर्थ खाली जमिनीत, तुमची अँटेना वर. १४५ मेगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ जेमतेम २.०७ मीटर, म्हणजे अँटेनापासून जमिनीपर्यंतच्या पाइपात कितीतरी वेव्हलेंग्थ बसतात, त्यामुळे खालचा अर्थ वर अँटेनाजवळ 'दिसत'च नाही. अर्थ आकाशातल्या विजेसाठी, त्याचा इथे काही उपयोग नाही.

मुद्दा समांतर असण्याचा आहे. अँटेना आडवी होती तेव्हा एलिमेंट आडवे, पाइप उभा, दोघांत काटकोन, त्यामुळे पाइपात करंट तयारच होत नव्हता आणि अँटेनाच्या दृष्टीने पाइप नसल्यासारखाच. आता तुम्ही एलिमेंट उभे केले, म्हणजे पाइप त्यांना समांतर झाला आणि तोसुद्धा दोन डायरेक्टरच्या (ड्रिव्हनच्या पुढचे दांडे) मधोमध. यागी चालते कशावर? प्रत्येक एलिमेंटची लांबी आणि अंतर नेमकं ठरवलेलं असतं म्हणून त्यातले करंट ठरलेल्या फेजमध्ये वाहतात. त्यात मधेच एक लांबलचक जाडजूड आठवा एलिमेंट आणून ठेवलात, ज्याची लांबी कोणी डिझाइन केलेली नाही. पुढचे डायरेक्टर जवळपास त्याच्या सावलीत गेले. पाठीमागचा सिग्नल वाढणार, गेन कमी होणार, सगळं होणार.

पीक बाजूला सरकण्याचं कारण बहुतेक हे की पाइप बूमच्या मध्यरेषेत नसतोच, क्लॅम्पमुळे तो एका बाजूला दोनचार सेंटिमीटर असतो, आणि त्यात तुमची केबल. केबलचं शील्ड (बाहेरची जाळी) म्हणजेही एक उभी धातूची तारच आहे हो, ड्रिव्हन एलिमेंटला खेटून खाली लोंबतेय. माझ्या मते अर्धा घोटाळा पाइपचा आणि अर्धा केबलचा, आणि लोक पाइप बदलतात पण केबल तशीच ठेवतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही.

क्यूआरएम_बंडू

१.५ एसडब्ल्यूआरला कोण रडतं राव 😀 रिपीटर उघडतोय ना? मग चालू द्या. अगदीच खटकत असेल तर अँटेना ४५ अंशात तिरकी करा, म्हणजे व्हर्टिकल पण चालेल हॉरिझॉन्टल पण चालेल आणि मास्टचा त्रास पण कमी. एका दगडात दोन पक्षी. बरेच जण करतात असं.

डीबी_मोजणारी

बंडूभाऊ, ४५ अंशांची युक्ती अगदीच टाकाऊ नाही, पण फुकट नाहीये ती. तिरकी केली की उभ्या स्टेशनशी ३ डीबी गेले आणि आडव्या स्टेशनशीही ३ डीबी गेले, म्हणजे दोन्हीकडे अर्धी पॉवर. ७ एलिमेंटची यागी लावून तिची ताकद ४ एलिमेंटवाल्याइतकी करून घ्यायची, असा तो सौदा आहे. आणि मास्टचं कपलिंग कमी होतं, जात नाही, कारण तिरक्या एलिमेंटचा उभा घटक शिल्लक राहतोच. ज्याला एकच अँटेना लावायला जागा आहे आणि एसएसबी-एफएम दोन्ही हवंय त्याने जरूर करावं. प्रश्नकर्त्याला फक्त एफएम आणि पॅकेट हवंय, त्याने कशाला ३ डीबी घालवायचे.

आता एसडब्ल्यूआरबद्दल. पाव_वेव्ह, तुमचा १.५ हा कुठे मोजलाय? रेडिओच्या मागे ना? मग मधली केबल कोणती आणि किती लांब ते सांगा. आरजी-५८ (बारीक केबल) असेल आणि २० मीटर असेल तर १४५ ला तिच्यातच ४ डीबीच्या आसपास लॉस आहे. जाताना ४, परत येताना ४. समजा वर अँटेनाच्या टोकाशी खरा एसडब्ल्यूआर ३ असेल, म्हणजे रिटर्न लॉस (परत येणारी पॉवर किती कमी ते) ६ डीबी, तर खाली तो ६ अधिक ८ असा १४ डीबी दिसेल, म्हणजे मीटरवर सुंदर १.५! खराब केबल एसडब्ल्यूआर 'सुधारून' दाखवते. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर वर नेऊन अँटेनाच्या सॉकेटपाशी मोजा, किंवा निदान खाली केबलच्या टोकापर्यंत कॅलिब्रेट करून बघा.

आणि अगदी वरसुद्धा १.१ आला तरी त्यावरून पॅटर्नबद्दल काहीच कळत नाही. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायचा, काहीच प्रसारित न करणारा रेझिस्टर) एसडब्ल्यूआर पण १.० असतो.

क्यूआरएम_बंडू

डमी लोड 😂 मान्य ताई.

पाव_वेव्ह

केबल आरजी-२१३ (जाडवाली) आहे, साधारण १५ मीटर, म्हणजे लॉस तेवढा नसावा. अँटेनापाशी मोजायचं राहिलंय, करतो.

कावळेभाऊ, तुमचं पटलं. पण मग उपाय काय? मी वाचलं त्यात तीन प्रकार दिसतात, वरचा भाग फायबरग्लासचा करा, किंवा बूम मागून पकडा, किंवा आडवा दांडा लावून अँटेना मास्टपासून लांब ठेवा. यातलं नेमकं कोणतं? आणि फायबरग्लास किती लांब घ्यायचा? ती ७० सेंटिमीटरवाली ग्राउंड प्लेन वर ठेवायची मनापासून इच्छा आहे, तिच्यासाठी एवढा उद्योग केला होता.

खांबावरचा_कावळा

३ मीटर बूमला मागून पकडणं कठीण आहे पण अशक्य नाही, त्याबद्दल कोणीतरी मेकॅनिकलवाला सांगेल. मी फायबरग्लासचं सांगतो.

हिशोब असा. उभ्या एलिमेंटची अर्धी लांबी बूमच्या खाली येते, रिफ्लेक्टर (सगळ्यात मागचा) सगळ्यात लांब, अंदाजे १०३ सेंटिमीटर, म्हणजे त्याचं खालचं टोक बूमपासून ५२ सेंटिमीटर खाली. लोखंड निदान त्या टोकाच्या खाली संपलं पाहिजे, आणि तिथेच लगेच सुरू झालं तरी उपयोग नाही कारण एलिमेंटच्या टोकाशी व्होल्टेज जास्त असतं, टोकाजवळचा धातू पण त्याला छळतो. मी म्हणेन बूमपासून खाली दीड मीटर फायबरग्लास मोकळा दिसला पाहिजे, जमलं तर दोन. शिवाय लोखंडी पाइपात जो तुकडा घुसवायचा तो वेगळा, तो पण अर्धा-पाऊण मीटर धरा नाहीतर वाऱ्यात जोड हलेल. नळीची भिंत जाड घ्या. पातळ नळी यू-बोल्टने आवळली की चिरते, म्हणून क्लॅम्प बसतो तिथे आत लाकडाचा किंवा नायलॉनचा ठोकळा भरून घ्या.

पीव्हीसी पाइपच्या नादी लागू नका, वाऱ्यात वाकतो आणि उन्हात ठिसूळ होतो. लाकूड चालतं, पण चांगलं वॉर्निश मारून, कारण ओलं लाकूड थोडं का होईना आरएफ (रेडिओची पॉवर) खातं. फायबरग्लासला पण रंग मारा, उन्हाने वरचा रेझिन उडाला की तंतू बाहेर येतात आणि हात लावला की कुसळं घुसतात, हातमोजे घाला. रंग साधा घ्या, धातूची पूड असलेला चंदेरी रंग नको.

आता केबल, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. फायबरग्लासची नळी पोकळ दिसली की माणसाला वाटतं वा, केबल आतून खाली सोडू, पाऊस लागणार नाही, दिसायला पण छान. झालं, पुन्हा तोच धातू त्याच जागी! लोखंड काढून तांब्याची जाळी बसवली एवढंच. केबल ड्रिव्हन एलिमेंटपासून बूमला लागून मागे न्यायची, रिफ्लेक्टरच्या पलीकडे, बूमला समांतर असल्यामुळे ती एलिमेंटला काटकोनात राहते आणि काही त्रास देत नाही. रिफ्लेक्टरच्या मागे गेल्यावर तिथून मोठी ढिली कमान करून खाली लोखंडी मास्टकडे आणायची. कमान दिसायला वेडीवाकडी दिसते, चालेल. बूम रिफ्लेक्टरपाशीच संपत असेल तर त्याला मागे अर्धा मीटरचा तुकडा जोडा. फीडपॉइंटजवळ केबलवर ४३ नंबर मटेरियलचे फेराइट मणी चारपाच चढवले तर शील्डवरून परत येणारा करंट पण दबतो.

ग्राउंड प्लेनचं म्हणाल तर ती यागीच्या वर मध्यावर नको. तिचा मास्ट आणि तिची केबल दोन्ही यागीच्या पोटातून जाणार. तिला बाजूच्या छोट्या वेगळ्या पाइपावर न्या, किंवा यागीच्या बऱ्याच खाली लोखंडी मास्टवर ब्रॅकेट काढून लावा.

क्यूआरएम_बंडू

कार्बन फायबरचा टेलिस्कोपिक पोल पडून आहे माझ्याकडे, हलका आणि एकदम कडक. तो चालेल का फायबरग्लासच्या जागी? फायबर तो फायबर.

डीबी_मोजणारी

नाही! कार्बन वीज वाहतो. धातूइतका चांगला नाही पण वाहतो, आणि अर्धवट वाहक तर आणखी वाईट, नुसता पॅटर्न बिघडवत नाही तर पॉवर खाऊन गरम पण करतो. नळी कशाची आहे ते माहीत नसेल तर दोन टोकांवरचा रंग खरवडून मल्टिमीटर लावा, मेगाओममध्येपण काही दिसलं तर ती नळी दुसऱ्या कामाला ठेवा.

गंजलेला_नट

मेकॅनिकलवाला आला 🙋 

मागून पकडायचं म्हटलं तर दोन गोष्टी बघा. मास्ट रिफ्लेक्टरच्या मागे असला की त्रास खूप कमी होतो कारण रिफ्लेक्टरच्या मागे फील्डच कमी असतं. पाव वेव्हलेंग्थ म्हणजे ५० सेंटिमीटर अंतर मिळालं तर छानच, बाजारातल्या तयार अँटेनांमध्ये त्याहून कमी असतं आणि तरी चालतं. यात मास्ट वरपर्यंत लोखंडी राहिला तरी हरकत नाही आणि वर अजून काही लावायचं तर तेही जमतं, म्हणजे त्या ग्राउंड प्लेनची सोय झाली. केबल पण सरळ बूमवरून मागे येऊन मास्टला लागते, कमान नाही की काही नाही.

पण ३ मीटर बूम एका टोकाला पकडला की वजन दोन किलो असलं तरी ते दीड मीटरवर लटकतं, म्हणजे क्लॅम्पवर ३ किलोग्रॅम-मीटरचा झोक कायमचा, वर पक्षी येऊन बसणार तो वेगळा. वरून दोरीचा ताण द्यावा लागतो. मास्ट बूमच्या वर मीटरभर काढा (लोखंडी चालेल, तो रिफ्लेक्टरच्या मागे आहे), तिथून बूमच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर पॉलिएस्टरची दोरी बांधा. नायलॉन नको, ओला झाला की ताणतो आणि बूम मान टाकतो. स्टीलची तार तर अजिबात नको, ती एलिमेंटच्या मधून तिरकी जाते. खालून लोखंडी आधार देण्याची आयडिया बऱ्याच जणांना सुचते, तिचंही तेच.

दुसरी गोष्ट वारा. मध्यावर पकडलेली अँटेना दोन्ही बाजूंनी सारखी असते, मागून पकडलेली अँटेना वातकुक्कुटासारखी वागते, वारा बाजूने आला की पूर्ण मास्टला पिळतो. हलका रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) असेल तर त्याच्या ब्रेकचा जीव जातो. रोटेटर नसेल, एकाच रिपीटरकडे कायम बघायचं असेल, तर ही काळजी बरीच कमी.

माझी स्वतःची आवड म्हणाल तर ३ मीटर बूमला मी आडवा दांडा लावेन. मास्टच्या टोकावर रोटेटर, त्यावर आडवा ॲल्युमिनियमचा दांडा, एका टोकाला दोन मीटरची यागी आणि दुसऱ्या टोकाला ७० सेंटिमीटरची यागी, वजन आपोआप तोललं जातं. दांडा एलिमेंटलाही काटकोनात, बूमलाही काटकोनात, म्हणून धातूचा चालतो. मास्टपासून यागी निदान १ मीटर लांब पाहिजे, दीड असेल तर चांगलं. आणि मास्टचा पाइप दांड्याच्या वर काढायचा नाही.

एक नेहमीची भानगड सांगतो. बूम गोल पाइपाचा असेल तर क्लॅम्प कितीही आवळा, पहिल्या जोरदार वाऱ्यात तो आत फिरतो आणि मग तुमची व्हर्टिकल अँटेना ७० अंशाची होते, खालून बघताना लक्षातही येत नाही. दातेरी क्लॅम्प घ्या, आणि सगळं सरळ आहे याची खात्री झाली की बूम आणि ब्रॅकेट दोन्हीतून आरपार एक बोल्ट टाका. चौकोनी बूम असेल तर हा प्रश्नच नाही. लेव्हल खाली जमिनीवरच बघा, वर शिडीवर उभं राहून ओळंबा धरण्यात काही मजा नाही.

पाव_वेव्ह

बूम गोलच आहे, म्हणजे बोल्ट टाकावा लागणार.

मधल्या काळात एक प्रयोग केला. मास्ट खाली घेऊन यागी तात्पुरती मागून बांधली, मागे एक लाकडी तुकडा जोडून रिफ्लेक्टर आणि पाइप यांत ४० सेंटिमीटर अंतर ठेवलं, केबल बूमवरून मागे आणली. नॅनोव्हीएनए अँटेनापाशी लावला तर १.२५ आला, आणि मुख्य म्हणजे पाठ फिरवली की रिपीटर परत खाली पडतो! वर नेल्यावर पण तसंच. म्हणजे निदान नक्की झालं. पण पीक अजूनही रिपीटरच्या दिशेपासून थोडा बाजूला आहे, आधीपेक्षा कमी पण आहेच. आता पाइप मधे नाही, केबल मधे नाही, मग हे कशाने?

आणि वीज पडण्याचं काय? फायबरग्लास किंवा आडवा दांडा, कुठलंही केलं तरी अँटेना अर्थपासून वेगळी होते का?

डीबी_मोजणारी

आधी पीकबद्दल. एका रिपीटरवरून अँटेनाची दिशा ठरवू नका. रिपीटर आणि तुमच्या मधे डोंगर, इमारत, पाण्याची टाकी काहीही असेल तर सिग्नल सरळ कमी आणि परावर्तित होऊन जास्त येत असू शकतो, अँटेना बिचारी बरोबर सांगतेय की सिग्नल 'तिकडून' येतोय. जो स्टेशन डोळ्याला सरळ दिसतो अशा एखाद्या ओळखीच्या माणसाला पॉवर स्थिर ठेवून कॅरिअर द्यायला सांगा, त्याची अँटेना पण उभी हवी, आणि तुम्ही १५-१५ अंशांनी फिरवून आकडे लिहा. अंतर फार लागत नाही, दोन गुणिले लांबीचा वर्ग भागिले वेव्हलेंग्थ, तुमच्या ३ मीटरला ते साधारण ९ मीटर होतं, त्यामुळे शेकडो मीटरवरचा माणूस आरामात चालेल, त्रास जमिनीवरून येणाऱ्या परावर्तनाचा असतो तेवढा.

एफएमच्या एस मीटरवर (रेडिओवरचा सिग्नल दाखवणारा) मात्र विश्वास ठेवू नका. बऱ्याच रेडिओंत तो थोड्याशा डीबीत शून्यापासून शेवटच्या काडीपर्यंत जातो आणि मग तिथेच चिकटतो, तुम्हाला वाटतं मागे-पुढे फरक नाही आणि प्रत्यक्षात मीटर भरलेला असतो. मधे स्टेप अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारा डबा) टाका, मीटर एका ठरावीक काडीवर आणायला किती डीबी लागतात ते लिहा. म्हणजे मीटर खोटा असला तरी अटेन्युएटर खरा. आणि रेडिओचा पीटीटी (बोलायचं बटण) चुकूनही दाबला जाणार नाही असं बघा, अटेन्युएटर जळतो.

कागदावर आधी बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर मॉडेल करा. ईझेडनेक २०२२ पासून फुकट मिळतं, फोर-नेक-टू पण आहे. यागी टाका, पॅटर्न बघा, मग मध्यावर ४० मिमी जाडीची उभी वायर टाका आणि परत बघा. मास्टची वायर थोडी पुढे-मागे सरकवली की पॅटर्न कसा नाचतो ते बघण्यासारखं असतं. दोन डायरेक्टरच्या बरोबर मधे ठेवलं की नुकसान थोडं कमी होतं, पण त्याला उपाय म्हणता येणार नाही.

वीज. आडव्या दांड्यात आणि मागून पकडण्यात सगळं धातूने जोडलेलंच राहतं, फक्त तुमचा तो तात्पुरता लाकडी तुकडा काढून तिथे धातूचा टाका, बूमला समांतर आहे म्हणून काही बिघडत नाही. फायबरग्लासमध्ये बूम तरंगतो. पण फायबरग्लास आहे म्हणून वीज येणार नाही असं नाही हं, तिला दीड मीटरच्या नळीने काय फरक पडतो. केबलचं शील्ड लोखंडी मास्ट जिथे सुरू होतो तिथे मास्टला जोडा, मग मास्टच्या पायथ्याशी परत जोडा, आणि घरात शिरण्याआधी अरेस्टर (विजेचा झटका अर्थकडे वळवणारा), ज्याचा अर्थ मास्टच्या अर्थशी आणि घराच्या अर्थशी एकच केलेला. वेगवेगळे अर्थ ठेवले तर वीज पडल्यावर त्यांच्यात व्होल्टेजचा फरक येतो आणि तो तुमच्या रेडिओतून मिटवला जातो. ड्रिव्हन एलिमेंट डीसीला अर्थ असलेला, म्हणजे फोल्डेड डायपोल किंवा गॅमा मॅच असेल तर कोरड्या वाऱ्यात साठणारा स्टॅटिक पण निघून जातो, नाहीतर रिसीव्हरमध्ये नुसतं खरखर ऐकू येतं. गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवणं याला अजूनही पर्याय नाही.

आणि मास्ट खाली-वर करताना आजूबाजूला विजेची लाइन आहे का? मास्ट अँटेनासकट आडवा पडला तरी तारेपर्यंत पोहोचता कामा नये, वर आणखी भरपूर अंतर. हे सगळ्यांना माहीत असतं पण तरी लिहिते.

खांबावरचा_कावळा

गाय वायर (मास्टला ताणून धरणाऱ्या तारा) आहेत का मास्टला? त्या वरपर्यंत स्टीलच्या असतील तर त्यापण तपासा. यागीच्या खाली दोनेक मीटरवर बांधलेल्या असतील तर फार काळजी नाही, पण अगदी बूमखाली बांधल्या असतील तर त्यांचा वरचा तुकडा पॉलिएस्टर दोरीचा करा.

पाव_वेव्ह

गाय वायर बऱ्याच खाली आहेत, बूमपासून अडीच मीटर तरी. लाइन रस्त्याच्या पलीकडे आहे, पोहोचत नाही. मागून पकडायचं ठरवतोय, रोटेटर नाही आणि मुख्यतः एकाच दिशेला बघायचंय, शिवाय ग्राउंड प्लेन वर राहते. बूमला मागे ॲल्युमिनियमचा पाइप जोडेन आणि दोरी लावेन.

क्यूआरएम_बंडू

माझा पण एक प्रश्न त्यातच घुसवतो. माझ्याकडे यागी नाही, साधी उभी फायबरग्लासवाली कोलिनियर (चहूबाजूंना सारखी चालणारी अँटेना) आहे, आणि टॉवरच्या टोकाला जागा नाही म्हणून बाजूला ब्रॅकेटवर लावायचीये. तिथेपण हीच कटकट?

खांबावरचा_कावळा

हीच, पण तिथे तिचा फायदाही करून घेता येतो. पाव वेव्हलेंग्थ म्हणजे ५० सेंटिमीटरच्या आसपास अंतर ठेवलं की टॉवर रिफ्लेक्टरसारखं काम करतो, टॉवरच्या विरुद्ध दिशेला सिग्नल वाढतो आणि टॉवरच्या मागे खड्डा पडतो. अर्धी वेव्हलेंग्थ ठेवली तर पॅटर्न दोन्ही बाजूंना फुगतो. म्हणजे तुमचे बहुतेक लोक एका बाजूला असतील तर मुद्दाम पाव वेव्हवर लावा, टॉवर त्यांच्या उलट बाजूला येईल अशी. चहूबाजूंना सारखं हवं असेल तर टोकावरची जागा रिकामी करण्याशिवाय इलाज नाही. ब्रॅकेट फक्त अँटेनाच्या खालच्या धातूच्या नळीला पकडू दे, वरच्या पांढऱ्या फायबरग्लासला दुसरा लोखंडी क्लॅम्प मारू नका.

गंजलेला_नट

आणि त्या कोलिनियरच्या बुडाशी एक बारीक भोक असतं ते सिलिकॉनने बुजवू नका बंडूशेठ, ते आत जमलेलं पाणी बाहेर जायला असतं.

पाव_वेव्ह, यावरून तुमचंही एक राहिलंय. ड्रिव्हन एलिमेंटवर प्लॅस्टिकचा डबा असेल ना, त्याला पाणी निघायला भोक आहे का बघा. अँटेना आडवी असताना ते भोक खाली होतं, आता ९० अंशात फिरवल्यावर ते बाजूला आलं, म्हणजे डब्यात तळ्यासारखं पाणी साठणार आणि पावसाळ्यात एसडब्ल्यूआर चढला की तुम्ही परत मास्टला शिव्या देणार. आत्ता जो कोपरा खाली आलाय तिथे ३ मिमीचं नवीन भोक पाडा, जुनं बुजवा. एलिमेंट पोकळ नळ्यांचे असतील तर त्यांची वरची टोपी पक्की बसवा आणि खालच्या टोपीला बारीक भोक ठेवा, नाहीतर उभ्या नळीत पाणी भरून राहतं, वारा आला की नळी शिट्टी वाजवते ते वेगळंच. कनेक्टर शक्यतो खाली तोंड करून येऊ दे, सेल्फ-अमॅल्गमेटिंग टेप खालून वर गुंडाळत न्या म्हणजे कौलांसारखे वरचे पदर खालच्यांवर येतात, त्यावर साधी काळी टेप उन्हासाठी. मास्टला लागण्याआधी केबलला एक छोटा झोळ द्या, पाणी तिथून टपकून जाईल.

पाव_वेव्ह

डबा आहे, भोकही आहे, आणि तुम्ही म्हणता तसं आत्ता बरोबर बाजूला आलंय. मास्ट खालीच आहे, ड्रिल काढतो.